अध्यक्ष उभी राहते तेव्हा

गिताबाईला गावात कोणी रागीट म्हणत नसे. गरीब आहे बिचारी, असंच सगळे म्हणत. म्हणोत बापडे. गरीब गाय आणि पोटात पाय, ही म्हण आपल्या लोकांनी उगीच केलेली नाही. फक्त ती वेळेवर आठवत नाही, एवढाच गावाचा दोष.

न्हावऱ्याहून केडगावकडे जाणाऱ्या रस्त्याला, भीमा ओलांडायच्या अलीकडे आत वळलं की तिचं गाव. गावाच्या कडेला धनगरवस्ती आणि वस्तीच्या पलीकडे गायरान. ब्याण्णव सालापर्यंत त्या गायरानावर गिताबाईचा नवरा बिरदेव मेंढरं चारायचा. मग एका उन्हाळ्यात सरपंच हौसराव आबांनी गायरानाच्या अंगाला असलेला आपला बांध नांगराबरोबर सरकवायला सुरुवात केली. बांध सरकत सरकत अर्धं गायरान पोटात घेऊन थांबला आणि तिथं ऊस उभा राहिला. सगळ्यांना दिसत होतं. पण आबांच्या पाण्याच्या पाळीवर अर्धं गाव भिजत होतं, तेव्हा कोणाला काही दिसलं नाही.

ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढं भरली. हौसराव अध्यक्षाच्या खुर्चीत. बिरदेव त्या सभेला धुतलेलं धोतर नेसून गेला होता. आदल्या दिवसापासून तो काय बोलायचं ते घोकत होता. तो उठला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "आबा, गायरानाची जी जमीन..."

"बस खाली," हौसराव म्हणाले. "तुला मेंढरांपुढं बोलायची सवय. माणसांपुढं कशाला तरास घेतूस?"

सभा हसली. थोडीथोडकी नाही, पोट धरून हसली. लिंबाच्या झाडाखाली बायका उभ्या होत्या, त्यात गिताबाई होती, कडेवर लेक अंकिता. तिच्या शेजारी तिचीच जाऊ उभी होती, तिनंही पदर तोंडाला लावून हसून घेतलं. बिरदेव बसला. तो बसला तो बसलाच. चावडीवर नाही, लग्नकार्यात नाही, पुन्हा चार माणसांत त्यानं तोंड उघडलं नाही. पोरांनी त्याचं नाव 'बसखाली' पाडलं. चरायला जागा उरली नाही म्हणून मेंढरं विकली, आणि तो कारेगावच्या बाजूला एका कंपनीच्या गेटावर वॉचमन झाला. तिथं बोलावं लागत नसे, नुसता सलाम ठोकला की काम भागायचं.

गिताबाईनं त्या दिवशी मनाशी दोन गोष्टी धरल्या. हौसरावाला याच देवळापुढं, याच हसणाऱ्या लोकांच्या देखत खाली बसवायचं. आणि आपल्या माणसाचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं झालेलं ऐकायचं. हे तिनं देवालासुद्धा सांगितलं नाही. देवाला सांगितलं तर तो माफ कर म्हणेल, अशी तिला भीती होती.

सत्त्याण्णव साली सरपंचपद मागासवर्गीय बाईसाठी राखीव झालं. हौसरावांना खुर्ची सोडावी लागली, पण खुर्ची सोडणं आणि सत्ता सोडणं यांत फरक असतो. त्यांना मान खाली घालून सही करणारी बाई हवी होती. ते स्वतः धनगरवस्तीवर आले. बिरदेवनं घोंगडं अंथरलं, गिताबाईनं चहा केला.

"तुला कायबी करायचं न्हाई गिताबाई," आबा म्हणाले. "मी उपसरपंच हायेच की शेजारी. तू निस्तं बसायचं."

"व्हय आबा," ती म्हणाली.

आबा गेल्यावर बिरदेव कितीतरी दिवसांनी मोठ्यानं बोलला. "त्यानं मला काय केलं ते इसारलीस व्हय गं?"

"तुमी चहा प्या," गिताबाई म्हणाली.

ती निवडून आली. पंचायतीच्या ऑफिसात तिला एक खुर्ची मिळाली. तिच्या समोर टेबल, टेबलावर घंटी, आणि कोपऱ्यात सरकारनं दिलेला टीव्ही. तो टीव्ही बघायला आणि फुकटचा पेपर वाचायला जालिंदर गुरुजी रोज यायचे. शाळेतून रिटायर झालेले, नागरिकशास्त्रावर जीव असलेले आणि ऐकणारं कोणी न मिळाल्यामुळं आंबलेले गृहस्थ. टीव्हीवर लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास लागायचा. खासदार एकमेकांवर ओरडायचे आणि उंच खुर्चीत बसलेला एक माणूस दमेपर्यंत "बैठ जाइए, बैठ जाइए" करायचा.

"ह्यो कोण?" गिताबाईनं एक दिवस विचारलं.

गुरुजींच्या अंगात वारं शिरलं. "ते लोकसभेचे अध्यक्ष! इंग्रजीत त्यांना स्पीकर म्हणतात."

"स्पीकर? लग्नात लावत्यात त्यो?"

"अहो बाई, तो भोंगा! हा बोलणारा. पण गंमत बघा, नाव स्पीकर आणि सभागृहात हाच बोलत नाही. दुसऱ्याला बोलू देतो."

मग गुरुजी सुटले. ही चाल विलायतेची. तिकडं सभेचं म्हणणं राजाच्या कानावर घालायला एक माणूस निवडत, तो स्पीकर. राजाला म्हणणं आवडलं नाही की त्याची धडगत नसे. काहींची मुंडकीसुद्धा उडाली. म्हणून ज्याला निवडत तो नको नको म्हणत मागं सरायचा आणि बाकीचे त्याला ओढत खुर्चीपर्यंत न्यायचे. आपल्याकडं अजून पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेता नव्या अध्यक्षाला हाताशी धरून खुर्चीवर नेतात, त्यात त्या ओढाओढीची आठवण आहे. इंग्रजांच्या राज्यात दिल्लीच्या सभेनं पहिल्यांदा आपला माणूस अध्यक्ष निवडला, विठ्ठलभाई पटेल. एकदा सरकारच्या एका काळ्या कायद्यावर दोन्हीकडं मतं समसमान पडली. अध्यक्षानं एरवी मत द्यायचं नसतं, पण तराजू मध्येच थांबला तर त्याचं एक मत निर्णायक. त्यांनी ते सरकारच्या विरोधात टाकलं. गोरे साहेब बघत राहिले. आणि स्वतंत्र भारतातल्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष मावळंकर, त्यांचं घराणं मूळचं आपल्या कोकणातलं. हे सांगताना गुरुजी असे ताठ झाले की जणू मावळंकर त्यांच्या आत्याचे चिरंजीव.

गिताबाईला इंग्रजाशी आणि कोकणाशी घेणंदेणं नव्हतं. तिनं एकच विचारलं. "त्यो बसा म्हनला की समदी बसत्यात?"

"बसावंच लागतं. आणि अध्यक्ष नुसते उभे राहिले ना, तरी बोलणाऱ्यानं तिथल्या तिथं गप होऊन खाली बसायचं. मग तो पंतप्रधान का असेना. नियमच आहे."

"निस्तं उभं ऱ्हायलं तरी?"

"नुसतं."

त्या दिवसापासून गिताबाई टीव्हीचा तो तास चुकवेना. आबा येऊन पुढ्यात कागद टाकायचे, ती सही करायची आणि नजर पुन्हा पडद्यावर. आबांना वाटलं, बाईला टीव्हीचा नाद लागलाय, लागू दे. ती मात्र बघत होती की उंच खुर्चीतला माणूस कधी उठतो, उठताना घाई करतो की नाही, हात कुठं ठेवतो. सूड घेणाऱ्यानं घाई करू नये, हे तिला न शिकवता येत होतं.

अठ्ठ्याण्णवच्या पंधरा ऑगस्टला, झेंडा झाल्यावर, देवळापुढं ग्रामसभा बसली. खुर्चीत गिताबाई, शेजारी आबा. सुरुवात झाली आणि रिवाजाप्रमाणं आबा उठून बोलायला लागले. रस्ता, गटार, मग स्वतःच्या वडिलांनी गावासाठी काय काय केलं. मागं बिरदेव सुट्टी घेऊन येऊन बसला होता. गिताबाईनंच त्याला यायला लावलं होतं.

आबा वडिलांवरून आजोबांवर आले, तेव्हा गिताबाई उभी राहिली.

काय व्हायला हवं होतं आणि काय झालं बघा. आपल्याकडं वडीलधारा उभा असला आणि बाई उठली, तर त्याचा अर्थ एकच. आबांनी मायेनं मागं वळून हात केला. "बस, बस, गिताबाई. मान पोचला." आणि पुढं बोलायला लागले. मागची एक म्हातारी म्हणाली, "चहाचं बगाया उठली जनू." चारदोन माणसं हसली.

गिताबाईच्या कानशिलात आग उठली. दिल्लीचा नियम गावात येता येता वाटेतच बदलला होता. पण ती बसली नाही. तिनं घंटी वाजवली.

"उपसरपंच," ती म्हणाली. आबा म्हणाली नाही. "म्या मान द्याया उठले न्हाई. अध्यक्ष उभा ऱ्हायला की बोलनाऱ्यानं बसायचं असतंय. लोकसभेत पंतप्रधान बी बसतो."

आबा आधी हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं की बाकीचं कोणी हसत नाही. "कुनी शिकवलं गं तुला ह्ये?"

"टीव्हीत दावत्यात," मागून कोणीतरी म्हणालं. "खरंय त्ये. समदी बसत्यात."

"मी बसनार न्हाई," आबा म्हणाले.

"मग मीबी न्हाई."

आणि दोघं उभी राहिली. श्रावणातलं ऊन चढलं होतं. गिताबाई हयातभर दुसऱ्याच्या उसात खुरपायला उभी राहिलेली बाई, तिला उभं राहण्याचं काय? आबांचं अंग थोराड, गुडघे जीपमध्ये बसून बसून गंजलेले. आधी त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकला. मग टेबलावर हात टेकला. सभेतून एकही माणूस उठून गेला नाही. असला तमाशा गावात फुकट बघायला मिळत नाही. शेवटी आबांचा डावा गुडघा लटपटला आणि ते धपकन खुर्चीत बसले. म्हणाले, "मला काय, माझं बोलून झालं हुतं."

देवळापुढं जे हसू उसळलं ते ब्याण्णवच्या हसण्यापेक्षा दांडगं होतं. गिताबाईच्या जिवाला थंडावा वाटला. खोटं कशाला सांगायचं, तिला फार फार बरं वाटलं. 'बस खाली' हे दोन शब्द तिच्या जिभेवर तयार होते, पण तिनं ते उच्चारले नाहीत. न उच्चारताच काम झालं होतं. दुसऱ्या दिवसापासून पोरांनी बिरदेवचं टोपणनाव काढून आबांच्या गळ्यात घातलं.

पण तिचं अर्धंच काम झालं होतं. ती अजून उभीच होती. टीव्हीत तिनं पाहिलं होतं की अध्यक्ष ज्याला बोलायला सांगतो त्याचं नाव पुकारतो. नाव पुकारल्याशिवाय कोणाला बोलता येत नाही. तिनं श्वास घेतला.

"बिरदेव गेणबा," ती मोठ्यानं म्हणाली. "बोला."

सभेला धसका बसला. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर त्या बाईच्या तोंडून नवऱ्याचं नाव कोणी ऐकलं नव्हतं. बायकांनी गालाला बोटं लावली. बिरदेव उठला. टोपी सारखी केली. तोंड उघडलं. "गायरान," एवढा एक शब्द आला आणि त्याचे ओठ नुसतेच हलायला लागले. सहा वर्षं बंद ठेवलेलं दार असं एका हाकेनं उघडत नाही. त्यानं बायकोकडं पाहिलं, मान हलवली आणि खाली बसला.

खुर्चीतून आबांचा खाकरा ऐकू आला. तो खाकरा गिताबाईला मेल्यावरही आठवला असता.

घरी बिरदेव म्हणाला, "तूच का न्हाई बोललीस? तुला समदं ठावं हाय."

"मला बोलाया येत न्हाई. मी अध्यक्ष हाय."

ग्रामपंचायतीच्या कायद्यात सरपंचानं बोलू नये असं कुठंच नाही. पण ज्या नियमानं हौसरावाला बसवलं तो आपण अर्धा पाळायचा आणि अर्धा सोडायचा, हे तिच्या डोक्यात बसेना. गुरुजींनीही बजावलं होतं, अध्यक्षानं बाजू घेतली की खुर्चीचा धाक संपला. शिवाय ती खुर्ची सोडून खाली बसली असती, तर खुर्चीत उपसरपंच बसला असता. म्हणजे पुन्हा हौसरावच. ती अडकली होती.

आबा अडकले नव्हते. त्यांना ते टोपणनाव झोपू देत नव्हतं. नव्व्याण्णवच्या एप्रिलात दिल्लीचं सरकार एका मतानं पडलं. ऑफिसातल्या टीव्हीपुढं गाव गोळा झालं होतं. आबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "एवडं मोटं सरकार पडतंय, तर हिची काय कथा?" आणि अविश्वास ठरावासाठी सदस्यांच्या सह्या जमवायला लागले.

गिताबाईनं गुरुजींना विचारलं, "दिल्लीत अध्यक्षालाच काडायचं ठरवलं, तर वो?"

"मग त्या ठरावापुरतं त्यानं खुर्चीत बसायचं नाही. खाली इतरांत बसायचं. पण बोलायचा हक्क त्याला असतो."

"आन् आपल्यात?"

"आपल्यात तसल्या सभेला तहसीलदार येतात. तेच खुर्चीत बसतात."

"उपसरपंच न्हाई बसत?"

"नाही."

गिताबाई हसली. गुरुजींनी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते हसू आवडलं नाही.

आबांना एक सही कमी पडत होती. धनगरवस्तीतली साखरबाई सदस्य होती, ती काही केल्या अंगठा देईना. "आपल्या बाईच्या विरुद कशी जाऊ?" म्हणून अडून बसली होती. गिताबाई स्वतः तिच्या घरी गेली.

"साकरे, आंगठा लाव."

"येडी का काय तू? खुर्ची जाईल तुझी."

"जाऊ दे. मी खुर्चीवर बसाया आलेच न्हवते."

सभेच्या दिवशी पंचायतीच्या ऑफिसला आतून सदस्य आणि बाहेरून खिडक्यांना गाव लटकलं होतं. एका खिडकीत बिरदेव. तहसीलदार नवीन आलेले, तरुण, अजून कोणाच्या ताटात जेवलेले नव्हते. आबांनी परीटघडीचे कपडे घातले होते. त्यांनी ठराव मांडला. मनमानी कारभार, वडीलधाऱ्यांचा अपमान, वगैरे.

"सरपंचांना काही म्हणायचं आहे?" तहसीलदारांनी विचारलं.

"हाय साहेब," गिताबाई खालच्या बाकावरून उठली. "ब्याण्णव साली माझ्या मालकानं ग्रामसभेत एक वाक्य सुरू केलं हुतं. त्ये पुरं करते. गायरानाची जी जमीन हाय, ती आर्धी हौसरावानं नांगारलीया. वढ्याच्या कडंला हद्दीचा सरकारी दगूड हुता, त्यो उकरून त्यांनी हिरीच्या थारोळ्याला, मोटंचं पानी पडतंय तितं, बसवलाय. त्यावर नंबर हाय. जाऊन बगा. तवापासून तिथं ऊस निघतोय, आन् वस्तीची मेंढरं बाजारात गेली."

आबा ताडकन उठले. "साहेब, ह्यो इषय न्हाई आजचा! बसवा तिला!"

"त्यांचं अजून व्हायचंय," तहसीलदार म्हणाले. "तुम्ही मध्ये बोलू नका."

ती बोलत राहिली. कोणत्या वर्षी बांध किती सरकला, कोणाच्या बैलांनी नांगर ओढला, कोण बघत होतं आणि आज खिडकीत कोण उभं आहे. नावं घेत घेत ती बोलली. जावेचं नावसुद्धा तिनं सोडलं नाही, हसली म्हणून. खिडक्यांमधली काही तोंडं मागं सरली. बिरदेव मात्र गजाला धरून पुढं झुकला होता आणि तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता.

मग मतं झाली. साखरबाईचाही हात वर गेला. ठराव पास. गिताबाईचं सरपंचपद गेलं. आबांनी मिशीवरून हात फिरवला, पण तहसीलदार तलाठ्याला विहिरीचं थारोळं कुठं आहे ते विचारत होते, आणि तो हात मिशीवरच थांबला.

दारातून बाहेर पडताना गिताबाई त्यांच्यापाशी थांबली. "आबा, खुर्चीत हुते तवर माजं तोंड बांधल्यालं हुतं. अजून कैक दिस तसंच ऱ्हायलं असतं. तुमीच सोडलंत. लई उपकार झाले."

आबा वहाणा शोधायला खाली वाकले. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली, म्हणजे ते वाकलेले सगळ्यांना दिसावेत.

दगड सापडला. मोजणी आली. नवी हद्द उभ्या उसाच्या मधोमध गेली, आणि जप्त झालेला ऊस तोडायला टोळी लावली. त्या दिवशी अख्खी धनगरवस्ती बांधावर बसली होती. बिरदेव मोजणीदाराला हात करकरून दाखवत होता, हा वढा, ही जुनी वाट, इथं आमच्या मेंढरांचा वाडा बसायचा. त्याचा आवाज चांगला लांबपर्यंत येत होता. आबा आपल्या विहिरीवर उभे होते. कोणीतरी गिताबाईला म्हणालं, चल आता, झालं की, म्हातारा माणूस आहे, किती बघशील. जालिंदर गुरुजीही म्हणाले, बाई, आता पुरे.

तिनं तोडलेल्या उसातला एक जाडजूड ऊस उचलला. आबांच्या समोर, त्यांना नीट दिसेल अशा बेतानं बांधावर उभी राहिली आणि दातानं सोलायला लागली. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असं आपल्यात म्हणतात. गिताबाईनं खाल्ला.